ठकूआत्यांची जीभ

माझं लग्न पाण्यावर ठरलं.

मला बघायला मंडळी आली तेव्हा मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते. विषय वनस्पतिशास्त्र. पुण्यातल्या आमच्या दोन खोल्यांत पाटावर बसून मी मनाशी ठरवलं होतं, की मुलानं एखादा बुद्धीचा प्रश्न विचारला तरच मान वर करायची. मुलानं काही विचारलंच नाही. त्याच्या शेजारी एक काटकुळ्या, पांढऱ्या कपाळाच्या, नऊवारीतल्या बाई बसल्या होत्या. त्यांनी कांदेपोह्यांची बशी बाजूला सारली, पाण्याचं फुलपात्र ओढलं, एक घोट घेतला आणि तो या गालातून त्या गालात असा काही फिरवला, की माझे वडील घाईघाईनं मोरी दाखवायला उठले. बाईंनी घोट गिळला. डोळे उघडले. म्हणाल्या, "पानी हलकं हाय. पोरगी भांडायची न्हाई. करून टाका."

करून टाकलं. पुढे पन्नास वर्षं मी भांडले. पण पाण्यानंच दाखला दिलेला असल्यामुळे सासरी त्याला कुणी भांडण म्हटलं नाही.

त्या बाई म्हणजे ठकूआत्या. माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. पंचविशीत विधवा होऊन माहेरी आल्या आणि आमच्या घराला लागून असलेल्या दोन खणांत एकट्या राहिल्या. आमचं गाव राहुरी तालुक्यातलं, कालव्याचं पाणी दिसेल इतकं जवळ आणि मिळणार नाही इतकं लांब. पण पाणी मिळो न मिळो, ते कसं आहे हे ठकूआत्याच सांगणार. कुणाच्या विहिरीला नवं पाणी लागलं, की पहिला तांब्या देवाला आणि दुसरा ठकूआत्यांना. त्या तीनदा चूळ भरत, कोंबड्यांना हाकलत, पदर कमरेला खोचत आणि म्हणत, "थांबा. जिभंला इचारते."

आणि जीभ सांगायची. "जड हाय. ह्यात डाळ शिजायची न्हाई." नाही शिजायची. गुळाचा व्यापारी ढेपेचा खडा आणायचा. "देवळालीचा गूळ हाय. रवा मोकळा हाय, घ्या." दूधवाल्याचं दूध एकदा त्यांनी जिभेवर धरलं आणि म्हणाल्या, "सखाराम, तू पानी घालतोस त्येचं काय न्हाई रे. पन शेजारच्या हिरीचं घाल. तुझ्या हिरीचं जड हाय, पोरांची पोटं दुखत्यात." सखाराम दुसऱ्या दिवसापासून खरोखर शेजारच्या विहिरीचं घालू लागला.

चव बघायला आत्यांना पाच मिनिटं पुरत. पण आलेल्या माणसाला त्या पाऊण तास सोडत नसत. गाय व्याली का, थोरली नांदायला गेली का, भाऊबंदकीचं काय झालं. मला वाटायचं, हा त्यांचा चोंबडेपणा.

मला तेव्हा बरंच काय काय वाटायचं. मी बावीस वर्षांची होते, माझ्याजवळ एक भिंग होतं, आणि लॅटिन नावं लिहून वाळवलेल्या पानांची एक जाडजूड वही होती. गावात उतरल्यापासून आठ दिवसांत मी आमच्या ह्यांना सांगून टाकलं, की आत्यांच्या जिभेची शास्त्रीय परीक्षा घेतली पाहिजे. 'हे' माध्यमिक शाळेत मास्तर. परीक्षा म्हटली की त्यांना नाही म्हणता येत नसे. सहा विहिरींचं पाणी सहा पेल्यांत भरलं, प्रत्येकावर कागदाची चिठ्ठी डकवली. आत्या येईपर्यंत पेल्यांना घाम फुटून सहाही चिठ्ठ्या गळून पडल्या. कुठला पेला कुठल्या विहिरीचा, हे जगात कुणालाच ठाऊक राहिलं नाही. आत्यांनी शांतपणे सहा घोट घेतले आणि मला म्हणाल्या, "लिहून घे. पैला मारुतीच्या हिरीचा..." प्रयोगाची उत्तरपत्रिका मी परीक्षार्थीकडूनच लिहून घेतली, आणि वर शंभर गुण दिले.

ही झाली तोंडओळख. आता द्राक्षांचं सांगते.

त्र्याहत्तरचा फेब्रुवारी. आदल्या वर्षीच्या दुष्काळानं तालुका भाजून निघाला होता. अशा एका सकाळी आमच्या दारात पांढऱ्या झग्यातले, काठी टेकत चालणारे एक म्हातारे साहेब एसटीतून उतरून आले. सात-आठ मैलांवर मिशनचा दवाखाना होता, तिथले हे पाद्रीबाबा. मूळचे स्पेन देशाचे. त्यांचं खरं नाव म्हणताना आमच्या ह्यांनी दोनदा जीभ चावली, म्हणून सगळे पाद्रीबाबाच म्हणत. चाळीस वर्षं इथं राहून त्यांचं मराठी फारच गमतीचं झालं होतं. अर्धं जुन्या बायबलातलं, अर्धं मिशनच्या स्वयंपाकघरातलं.

"ठकूबाई," ते ओट्यावर बसत म्हणाले, "मी तुमच्या दारीं याचक होऊन आलो आहे. लई नड हाय."

नड अशी होती. तरुणपणी इकडे येताना त्यांनी आपल्या डोंगराकडच्या गावातल्या द्राक्षवेलाची एक काडी ओल्या फडक्यात गुंडाळून आणली होती. काळी, बारीक मण्यांची, रस काढायची द्राक्षं. ती काडी मिशनच्या अंगणात वाढली, तिच्याच द्राक्षारसावर त्यांची चर्चमधली पूजा चाले. दुष्काळात विहीर आटली आणि वेल वाळून गेला. आणि आता त्यांच्या थोरल्या भावाचं पत्र आलं होतं. तिकडे गावात लोकांनी हे जुने वेल उपटून दुसरे लावले, शोधूनही मिळत नाहीत. भाऊ ब्याऐंशी वर्षांचा. त्यानं लिहिलं होतं, तुझी काडी जिवंत असेल तर तिच्या दोन काड्या परत पाठव. बापाच्या मळ्यात लावतो.

"एक तरुण फादर तीन आठवड्यांनी घरीं जाणार आहे. तो नेईल," पाद्रीबाबा म्हणाले. "पूर्वीं मी तिघांना काड्या दिल्या होत्या. आज तिघेही म्हणतात, आमचा वेल तोच. मला मोतीबिंदू, पान दिसत नाही. चव पाहावी, तर आमच्या स्वयंपाकीण मार्थाबाईचा ठेचा खाऊन माझी जीभ मराठी झाली. चुकीची काडी गेली, तर तिला फळ येऊन चूक कळायला तीन वर्षें लागतील. आम्हां दोघां भावांपाशी तितकीं नाहींत."

आत्या बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, "नाव काय म्हनालात त्या द्राक्षाचं?"

"मोरिस्तेल."

"मोरीचं तेल?"

"मोरिस्तेल, बाई."

"मोरेश्वर म्हना की सरळ. गनपतीचं नाव हाय, काम हुईल."

इथे मी तोंड घातलं. म्हटलं, जिभेची काय गरज आहे? पानाच्या कडेवरून, शिरांवरून जात ओळखणं हे शास्त्र आहे, आणि ते शास्त्र प्रस्तुत घरात उपलब्ध आहे. पाद्रीबाबांनी मला हात जोडले. आत्या म्हणाल्या, "ओळख बाई. तेवढंच शिक्षान वसूल."

तिघांपैकी देवळाली प्रवरेचे शंकरराव उसाचे मोठे बागायतदार. त्यांचाच वेल खरा असणार, असा माझा शास्त्रीय अंदाज होता, कारण त्यांच्या दारात ट्रॅक्टर होता. मी ह्यांना सायकलवर पिटाळलं. ह्यांनी संध्याकाळी शंकररावांच्या मांडवावरून एक पान आणलं. मी ते वहीत दाबलं, आठ दिवस भिंगातून न्याहाळलं आणि त्यावर चार पानं टिपण लिहिलं.

ठरल्या दिवशी आत्या आणि मी मिशनमध्ये पोचलो. ओसरीवर तिघेही वेलमालक आपापले घड घेऊन बसले होते. एक मिशनच्या स्वयंपाकीण मार्थाबाई. दुसरे फेटेवाले शंकरराव. तिसरा घोडेगावच्या बाजारातला बैलांचा दलाल बाबू; त्याचा वेल जनावरांच्या हौदाच्या सांडपाण्यावर जगला होता. तो आला होता तो एका गिऱ्हाइकाकडे जाता जाता. तीन ताटल्यांत तीन घड. दुष्काळानं सगळ्यांचे मणी सारखेच बारके करून टाकले होते. बघून काही कळणं शक्य नव्हतं.

मी उभी राहिले, वही उघडली आणि व्याख्यान सुरू केलं. पानाचा आकार, पाच खंड, दातेरी कडा, पृष्ठभागावरची लव. लॅटिन नाव तर मी दोनदा म्हटलं, दुसऱ्यांदा मार्थाबाईंकडे बघून. शंकरराव वाकून वहीत बघत होते. माझं संपल्यावर ते अदबीनं म्हणाले, "वैनी, ह्ये दोडक्याचं पान हाय."

"काय?"

"मांडवावर एका अंगानं दोडका चढवलाय. मास्तरांनी अंधारात त्येचंच तोडलं जनू. पन दोडका लई चांगला लागतो त्यो. धाडून देईन."

बाबू दलाल खांबाकडे तोंड करून हसला. पाद्रीबाबांना दिसलं नव्हतं, म्हणून ते म्हणाले, "फार विद्वान कन्या आहे." मी वही मिटली. माझ्या शास्त्राची कारकीर्द त्या ओसरीवर संपली. पुढे आयुष्यात मी दोडका सोलताना प्रत्येक वेळी खाली मान घालते.

"आता माझं ऐका," पाद्रीबाबा म्हणाले. "ठकूबाईंच्या जिभेला आधीं आठवण दिली पाहिजे." त्यांनी चर्चमागच्या कपाटातून एक काळी बाटली आणवली. त्यांच्या स्वतःच्या वेलाच्या रसाची ही शेवटची. जपून ठेवलेली.

आत्यांनी बाटलीकडे पाहिलं आणि गळ्यातली तुळशीची माळ चाचपली. "ही दारू का?"

"नव्हे, बाई. द्राक्षारस. देवाच्या मेजावरचा."

"म्हंजी तीर्थ."

"होय. अं, नव्हे. अजून नव्हे. मी प्रार्थना म्हटली, म्हणजे मग."

"मग म्हना की. तीर्थाला माळ आड येत न्हाई."

पाद्रीबाबांनी कपाळाला हात लावला. "प्रार्थना म्हटली, तर मला तो तुम्हांस देतां येत नाही. तुमचा बाप्तिस्मा झालेला नाही."

"म्हंजी परार्थना केली तर तुमी द्यायचं न्हाई, आन न केली तर मी घ्यायचं न्हाई."

"असेंच."

दोन देवांच्या मधोमध बाटली उभी राहिली. बाबू म्हणाला, "मी घेऊ का? मला कायबी चालतं." त्याला कुणी विचारलं नव्हतं.

शेवटी आत्यांनीच मार्ग काढला. "मार्थाबाई, तुळस हाय का हितं?"

"आहे की. खोकल्याला लावलीये."

"एक पान आना. तुळशीपत्र ठेवलं की निवद झाला. परसाद कुनाच्या बी घरचा असो, न्हाई म्हनू नये."

"आत्या, तुळशीनं चव बदलेल!" मी म्हटलं. एवढं तरी मला कळत होतं.

"तू गप. दोडक्याचं पान तू."

वाटीत रस ओतला, त्यावर तुळशीचं पान ठेवलं. पाद्रीबाबांनी मान दुसरीकडे वळवली. मोतीबिंदूचा त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच उपयोग झाला असेल. आत्यांनी उजव्या हाताचा द्रोण केला, मार्थाबाईंनी चमच्यानं पळीभर घातला, आत्यांनी तो ओढून घेतला आणि ओला हात डोक्यावरून फिरवला. चेहरा देवळातल्या समईसारखा स्थिर.

"हं," त्या म्हणाल्या. "ओळखीचं हाय. आना ताटल्या."

पहिला मणी मार्थाबाईंच्या घडातला. आत्यांनी तो टाळूला दाबला, मग चावला. "साल येगळी, गर येगळा. ही बंगलोरी."

"पण माझ्या लग्नात फादरबाबांनी स्वतःच्या हातानं काडी दिली होती मला," मार्थाबाई रडवेल्या झाल्या.

"दिली असंल. ती जगली न्हाई. तू बाळंतपनाला भैरगावी गेल्तीस का कधी?"

"गेले होते. पहिल्याच वर्षी."

"तवा ती मेली असंल. नवऱ्यानं दुसरी लावली, तू रडू नये म्हनून."

मार्थाबाईंनी तोंडाला पदर लावला. "मेल्यानं कधी सांगितलं नाही!" त्या म्हणाल्या, आणि हरूनही अशा काही खुलल्या, की चहा टाकायला आत गेल्या त्या गुणगुणतच.

दुसरा मणी शंकररावांचा. "काळी साहेबी. दाताखाली फुटली आन पळाली. धरतच न्हाई."

तिसरा बाबूचा. आत्यांनी मणी तोंडात घातला, डोळे मिटले, आणि ते उघडेनात. पाद्रीबाबांनी काठीची मूठ दोन्ही हातांनी धरली होती.

"ह्योच," आत्या म्हणाल्या. "ह्यो मोरेश्वर."

शंकरराव उठलेच. "असं कसं आत्याबाई? आमचा वेल आमच्या आबांनी लावलेला! हा हौदाच्या घानीवरचा खरा, आन माझा खोटा?" आणि पुढे बरंच काही. त्या गलक्यात मी रसाची वाटी उचलली आणि आवरासावर करायच्या मिषानं स्वयंपाकघराच्या दाराआड गेले.

खरं सांगते, कशाला खोटं बोलू या वयात? मी इंग्रजी कादंबऱ्या वाचलेल्या होत्या. त्यांतल्या नायिका लाल द्राक्षारस घेऊन खिडकीतून दूर बघतात. मलाही एकदा दूर बघायचं होतं. मी तुळशीचं पान बाजूला केलं आणि एक घोट घेतला.

अगं आई गं! व्हिनेगर. शुद्ध, रागीट व्हिनेगर! नाकातून, कानांतून, डोळ्यांतून पाणी आलं आणि मी इतक्या जोरात शिंकले, की फळीवरचं झाकण पडलं. बाटली कधीच बिघडली होती. मिरचीनं मेलेल्या जिभेच्या पाद्रीबाबांना ते कळलं नसेल, हे समजण्यासारखं होतं. पण ठकूआत्यांना? ही आग त्यांनी तळहातातून ओढली होती आणि म्हणाल्या होत्या, ओळखीचं हाय!

मी भिंतीला टेकून उभी राहिले आणि एकेक आठवत गेले. जड, हलकं, मोकळं, धरतं, पळतं. गोड हा शब्द या बाईच्या तोंडून मी कधी ऐकला होता? आंबट? तिखट? एकदाही नाही. या बाईंना चवच लागत नव्हती. ठकूआत्या! अहो, नावातच ठक होता.

बावीस वर्षांच्या माणसाला सत्याचा फार पुळका असतो, त्यातून ते माणूस नुकतंच दोडक्यावरून पडलेलं असेल तर विचारूच नका. मी पदर सावरून बाहेर निघाले. सांगून टाकायचं, थांबा, ही निवड खोटी आहे. दारात पोचले, तोंड उघडलं.

"शंकरराव," बाबू दलाल बिडी शिलगावत म्हणत होता, "आता राग मानू नका. तुमच्या आबांनी जुना वेल गेल्यावर पुन्याच्या नर्सरीतनं नवी रोपं आनली, तवा गाडी आमच्याच बापाची हुती. मी रोपांवर बसून आल्तो. दोन मोडली म्हनून तुमच्या आबांनी माझा कान पिळला हुता. ह्यो बघा, अजून लांब हाय."

शंकरराव त्या कानाकडे बघत खाली बसले. म्हणाले, "आबांनी कुनाला सांगितलं न्हाई." आणि मग मोठ्या मनानं फेटा काढून मांडीवर ठेवला. "जाऊ द्या. पाद्रीबाबांचं काम झालं ना?"

मी उघडलेलं तोंड तसंच मिटलं. निवड बरोबर होती. मग ती झाली कशी?

पाद्रीबाबा बाबूच्या घडावरून हात फिरवत होते. एकेक मणी, आंधळा माणूस ओळखीचा चेहरा चाचपतो तसा. त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटले. बाबू त्यांना मोठ्यानं, बहिऱ्याला सांगावं तसं सांगत होता, "आठ दिवसांनी फळ उतरलं की काड्या देतो बाबा! दोन कशाला, चार न्या!" चार काड्या गेल्या. त्यांतली एक तिकडे फुटली, असं पुढे भावाचं पत्र आलं. ते वाचून दाखवायला पाद्रीबाबा पुन्हा एसटीनं आमच्या ओट्यावर आले होते.

निघताना बाबूनं उरलेला घड आत्यांच्या हातात दिला. आम्ही दोघी फाट्यावर बाभळीखाली एसटीची वाट बघत बसलो. दुपारचं ऊन होतं.

"तुम्हाला चव लागत नाही," मी म्हटलं.

आत्या रस्त्याकडेच बघत होत्या. "किती पिलीस?"

"एक घोट."

"म्हंजी शिंकलीस ती तू व्हय. मला वाटलं मार्थाबाईची मांजर."

मग आत्या आपणहूनच बोलायला लागल्या. "तीस वरसं झाली. मुदतीचा ताप आल्ता. आमी दोघं बी ह्याच दवाखान्यात पडलो हुतो. मी उठले. ते न्हाई उठले. पोटात काय ठरत नव्हतं, तर ह्यो पाद्रीबाबा रोज वाटीभर द्राक्षं आनून द्यायचा. पैला मनी तोंडात घातला आन वाट बघत बसले. आता गोड लागंल, आता आंबट लागंल. कायच न्हाई. तवा कळलं, जीभ मेली. नुसतं धरलं त्या मन्यानं जिभंला. लेकरानं बोट धरावं तसं. पंधरा दिवस तेवढंच हुतं मला. ते कसं इसरंल?"

"आणि पाणी? गूळ? दूध?"

"तुमाला चव येती, तिच्या गडबडीत बाकीचं कळत न्हाई. मला बाकीचंच उरलंय. पानी जड लागतं, गूळ रवाळ लागतो, दूध पातळ लागतं. त्यात काय खोटं हाय?"

"मग सांगून का टाकत नाही सगळ्यांना?"

आत्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मला पुन्हा दोडक्याचं पान हातात धरल्यासारखं वाटलं. "पांढऱ्या कपाळाच्या बाईच्या दारात सकाळच्या पारी कोन येतं गं? आडवी गेली तरी लोक थुंकत्यात. पन जिभंचं नाव झालं आन तांबे घिऊन माणसं यायला लागली. बसत्यात. घोटभर पान्यासाठी पाऊन तास बसत्यात. जीभ मेली म्हनून सांगितलं, तर बसतील का?"

मी मांडीवरची वही पिशवीत टाकली.

आत्यांनी घडातला एक मणी तोडला. बोटांत फिरवला. "एक इचारू? हसू नको."

"विचारा ना."

"कशी असती गं ह्येची चव? मी ह्येला तीस वरसं वळखते, पन चव काय म्हाईत न्हाई."

मी घसा साफ केला. "ग्लुकोज, फ्रुक्टोज, थोडं टार्टारिक आम्ल..."

"मेले, मी युरिया इचारला न्हाई. चव सांग."

मी मणी तोंडात घातला. "आधी आंबट आहे. परीक्षेच्या निकालाच्या आधी पोटात होतं ना, तसं."

"म्या कुठं परीक्षा दिलीया?"

बरोबर होतं. मी तो मणी थुंकला आणि दुसरा घेतला. डोळे मिटले. "कैरीसारखं आंबट नव्हे. चिंचेचा कोवळा पाला."

"हां," आत्या म्हणाल्या. "ल्हानपनी खाल्लाय. पुढं?"

"मग गोड येतं. साखरेचं नाही. काकवी. गार झालेली."

"गुऱ्हाळावरची?"

"गुऱ्हाळावरचीच. आणि मागून जांभूळ येतं, पण पडलेलं नव्हे, झाडावरचं. आणि अगदी शेवटी जरासं कडू, मेथीच्या काडीएवढं."

"आन मग धरतं."

"हो. मग धरतं."

"ते मला म्हाईत हाय," आत्या समाधानानं म्हणाल्या.

एसटी लांब, धुरळ्यात दिसायला लागेपर्यंत मी एकेक मणी खात होते आणि सांगत होते, प्रत्येक मणी जरा वेगळा निघत होता, आणि आत्या प्रत्येकाला "पुढं?" म्हणत होत्या. घडाला एकच मणी उरला तेव्हा तो मी त्यांच्या तळहातावर ठेवला. गाडीत बसल्यावर त्यांनी तो तोंडात घातला. राहुरी येईपर्यंत त्यांचा एक गाल फुगलेला होता. उतरायच्या आधी त्यांनी तो चावला, सावकाश गिळला, आणि बराच वेळ विचार केला.

"काकवी," त्या म्हणाल्या, "जरा जास्ती सांगितलीस तू."